फटीतला बिऱ्हाडकरू

पंचतंत्रात राजाच्या पलंगावर राहणाऱ्या मंदविसर्पिणी नावाच्या उवेची गोष्ट आहे. तिच्याकडे अग्निमुख नावाचा ढेकूण पाहुणा म्हणून येतो. राजाला झोप लागेपर्यंत थांब, असं ती बजावते. पण त्याला दम निघत नाही, राजा जागा असतानाच तो चावतो. नोकर अंथरूण तपासायला लागतात. ढेकूण खाटेच्या फटीत शिरतो आणि ऊ सापडून मरते. तात्पर्य बाजूला ठेवून वाचलं, तर ही गोष्ट रचणाऱ्यानं ढेकूण फार जवळून पाहिला होता हे कळतं. ऊ अंगावर, कपड्यांत राहते. ढेकूण अंगावर मुक्काम करत नाही. तो येतो, पाच-दहा मिनिटं रक्त पितो आणि फटीत परत जातो. त्याला माणसाइतकीच माणसाच्या झोपण्याच्या जागेची गरज आहे.

ही गरज जुनी आहे. इजिप्तमधल्या अमर्ना इथं, कामगारांच्या वस्तीच्या उत्खननात तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचे ढेकूण सापडले. त्याच्याही मागे गेलं तर गुहा आणि वटवाघळं येतात. आपल्या ढेकणाचे जवळचे नातलग आजही वटवाघळांवर जगतात. मात्र ढेकणांचं कूळ वटवाघळांपेक्षाही कितीतरी जुनं, सुमारे साडेअकरा कोटी वर्षांपूर्वीचं असल्याचं २०१९मध्ये जनुकांच्या अभ्यासातून पुढे आलं.

आपल्याकडे त्यानं देवांनाही सोडलेलं नाही. विष्णू समुद्रात आणि शंकर हिमालयात झोपतात ते ढेकणांच्या भीतीनं, असं एक संस्कृत सुभाषित सांगतं. तुकोबांनी कुसंगतीसाठी दाखला दिला तो ढेकणाच्या संगतीनं भंगणाऱ्या हिऱ्याचा.

घरोघरचा इतिहास मात्र बाजेवर घडला. सुंभाच्या विणीत, नवारीच्या घड्यांत, लाकडाच्या सांध्यांत ढेकूण राही. मग उन्हाळ्यात बाज अंगणात काढायची, जमिनीवर आपटायची, सांध्यांत उकळतं पाणी ओतायचं, पायांखाली रॉकेलचे डबे ठेवायचे. वाड्यात हे निभावे. मुंबईच्या चाळीत निभेना, कारण तिथं भिंत दोन बिऱ्हाडांची असते. एका खोलीनं कितीही खटाटोप केला तरी शेजारच्या खोलीतून ढेकूण परत येत. गिरणगावात तर पाळीपाळीनं कामाला जाणारी माणसं एकाच खोलीत झोपायची. रात्रपाळीचा माणूस सकाळी येऊन आडवा व्हायचा. ढेकणाला उपास घडण्याचं कारणच नव्हतं. आणि घडला असता तरी तो महिनोन्महिने रक्ताशिवाय तग धरतो.

मग डीडीटी आलं. पॉल म्युलर यांना १९३९मध्ये त्याचा कीटकनाशक गुण सापडला, १९४८मध्ये नोबेल मिळालं. पण १९४७मध्येच हवाई बेटांवरच्या पर्ल हार्बर इथल्या ढेकणांवर ते चालेनासं झाल्याची नोंद झाली होती. भारतात १९५३पासून हिवतापाविरुद्ध घराघरांत फवारणी सुरू झाली. लोकांनी फवारणी करणाऱ्यांना आत घेतलं त्याचं एक मोठं कारण ढेकूण होतं. डास मेले की नाही हे कुणाला दिसत नाही, ढेकूण मेलेले दिसतात. पुढे ते मरेनात, तेव्हा ‘तुमचं औषध कुचकामी आहे’ म्हणत लोक दारं लावून घेऊ लागले. हिवतापाच्या कामाला त्याचा फटका बसला.

त्यानंतरच्या काळातलं घरातलं नाव म्हणजे टिक-ट्वेंटी. वाण्याकडे सहज मिळणारी ही बाटली मराठी घरांत ढेकणांसाठी आली, आणि ‘ढेकणाचं औषध पिऊन’ हे शब्द वर्तमानपत्रांतल्या आत्महत्येच्या बातम्यांत नेहमीचे झाले. बंद खोलीत फवारणी करून तिथंच राहिलेल्यांचे जीव गेले, तसं पुण्यातही घडलं आहे. या साऱ्या मागोव्यात मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतं ते हेच: ढेकणानं जेवढी माणसं मारली नाहीत, तेवढी त्याच्यासाठी घरात आणलेल्या विषानं मारली.

कारण ढेकूण माणसांत रोग पसरवतो, असं आजवर सिद्ध झालेलं नाही. चावताना त्याच्या लाळेमुळे रक्त गोठत नाही. खाज बहुधा नंतर सुटते. गादी उलटून शिवणीजवळ पाहिलं तर शाईच्या टिंबांसारखे काळे डाग, टाकलेल्या कातीची पिवळट टरफलं आणि चिकटलेली पांढरी अंडी दिसतात. ती एकदा पाहिली की माणूस गादीकडे पूर्वीसारखा पाहत नाही. दिवा बंद करायची भीती वाटते, नसलेला ढेकूण अंगावर चालल्याचा भास होतो, झोप जाते, दुसऱ्या दिवशी कामात लक्ष लागत नाही. पाहुण्यांना बोलावणं थांबतं. हे नुकसान खरं आहे, पण रोग नाही म्हणून ते आरोग्य खात्याच्या यादीत क्वचितच येतं.

नव्वदच्या दशकाच्या शेवटापासून ढेकूण श्रीमंत शहरांतही परतला. २०२३मध्ये पॅरिसमध्ये त्यावरून गदारोळ झाला. आताच्या बहुतेक औषधांना तो दाद देत नाही. पन्नास अंशांच्या आसपासची उष्णता टिकवून धरली तर अंड्यांसह मरतो. म्हणजे बाज उन्हात टाकणाऱ्या आजीची दिशा बरोबर होती, फक्त ढेकूण सावलीच्या बाजूला सरकत. आज ढेकूण घालवायचे तर लगतच्या सगळ्या खोल्या एकदमच हाती घ्याव्या लागतात. पण पहिल्या चाव्यानंतर वसतिगृहातली, भाड्याच्या खोलीतली मुलं गप्प बसतात, कारण तक्रार केली की पहिला प्रश्न येतो, ‘तुमच्याच सामानातून आले ना?’