स्पॅनिशमध्ये 'नमस्कार', 'धन्यवाद' कसं म्हणायचं?

नमस्कारासाठी 'ओला'. लिहिताना सुरुवातीला 'एच' असतो, पण तो उच्चारायचा नाही. 'कृपया'ला 'पोर फावोर'. धन्यवाद म्हणताना मेक्सिकोत 'ग्रासिआस', तर माद्रिदमध्ये 'ग्राथिआस' ऐकू येतं. मित्राला 'कोमो एस्तास?' (कसा आहेस?) विचारतात, अनोळखी किंवा वयस्कर व्यक्तीला 'कोमो एस्ता?'. आपल्या तू-तुम्हीसारखंच, फरक फक्त शेवटच्या 'स'चा.

'एम्बारासादा' शब्द जपून वापरा. तो इंग्रजीतल्या 'एम्बॅरस्ड'सारखा वाटतो, पण अर्थ होतो गरोदर!

शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर मात्र थोडं पाठांतर हवंच. कारण शेंगदाण्याला स्पेनमध्ये 'काकावेते', मेक्सिकोत 'काकावाते' आणि अर्जेंटिनात 'मानी' म्हणतात. हॉटेलात ऑर्डर देण्याआधीच सांगायचं, 'तेंगो आलेर्खिआ आल...' आणि पुढे त्या देशातला शब्द.