शून्यांचा संग्रह टाळण्याची विद्या

एखाद्या मोठ्या ट्रान्स्फॉर्मरच्या लोखंडी गाभ्यातून चुंबकीय क्षेत्र कसे वाहील, कोठे दाटेल आणि कोठे बाहेर निसटेल, हे आजचा अभियंता यंत्र घडविण्यापूर्वीच संगणकावर पाहून घेतो. त्यासाठी तो त्या साऱ्या अवकाशाचे लक्षावधी लहान तुकडे पाडतो, प्रत्येक तुकड्यात क्षेत्राचे अगदी साधे रूप गृहीत धरतो आणि तुकड्यांच्या सांध्यांवर मूल्ये जुळविणारी समीकरणे मांडतो. हीच फायनाइट एलिमेंट अथवा सांत घटक पद्धती. समीकरणे मांडून होतात, संगणकाच्या स्मृतीत त्यांना जागाही मिळते. परंतु ती सोडविण्यास आरंभ झाला की काही वेळाने स्मृती संपल्याचे सांगून यंत्र थांबते. प्रश्न ठेवण्यास जागा पुरते, उत्तर काढण्यास पुरत नाही, असा हा विलक्षण प्रसंग आहे. त्याचे कारण समजण्यास या पद्धतीच्या जन्मकाळाकडे जावे लागते.

तुकड्यातुकड्यांनी क्षेत्र जाणण्याची कल्पना रिचर्ड कुरांट या गणितज्ञाने १९४३ साली त्रिकोणांच्या साहाय्याने मांडली होती. विमानांच्या पंखांची बळकटी मोजणाऱ्या अभियंत्यांनी ती १९५६ च्या सुमारास स्वतंत्रपणे उपयोगात आणली, आणि १९६० साली रे क्लफ यांनी तिला आजचे नाव दिले. विद्युत्शास्त्रात ती थोडी मागाहून आली. अमेरिकेतील लिव्हरमोरच्या प्रयोगशाळेत ॲलन विन्स्लो यांनी कणत्वरकांच्या चुंबकांसाठी विषम त्रिकोणांची जाळी वापरली ती १९६० नंतरच्या दशकात. कॅनडातील मॅक्गिल विद्यापीठातील पीटर सिल्व्हेस्टर यांनी १९६९ साली तरंगवाहक नळ्यांचा प्रश्न याच मार्गाने सोडविला, आणि पुढच्याच वर्षी चारी यांच्यासह त्यांनी संपृक्त होणाऱ्या लोखंडातील चुंबकीय क्षेत्राचे गणित प्रसिद्ध केले.

या मंडळींपुढे अडचण कसली होती? त्या काळच्या मोठ्या संगणकांपैकी एक असलेल्या आयबीएम ७०९० ची मुख्य स्मृती ३२,७६८ ‘शब्दां’ची, म्हणजे तितक्याच संख्या मावण्याइतकी होती. १८१ अज्ञातांची समीकरणे घेतली आणि त्यांचे सर्व सहगुणक चौकोनी मॅट्रिक्समध्ये मांडले, तर १८१ गुणिले १८१ म्हणजे ३२,७६१ संख्या झाल्या. उरले सात शब्द. त्यांत आज्ञावली लिहावयाची! मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडविलेला टिफ्रॅक हा संगणक १९६० साली कार्यरत झाला. त्याच्या स्मृतीत २,०४८ शब्द होते. ४५ अज्ञातांतच तो भरला असता. आणि १८१ बिंदूंत चुंबकाचे चित्र उमटावयाचे ते किती ओबडधोबड!

सुटकेचा मार्ग मात्र त्या मॅट्रिक्समध्येच दडलेला होता. जाळीतील प्रत्येक बिंदूचा संबंध केवळ शेजारच्या बिंदूंशी येतो. सपाट त्रिकोणी जाळीत एका बिंदूला सरासरीने सहा शेजारी असतात. म्हणून समीकरणे दहा हजार असोत वा दहा लाख, प्रत्येक ओळीत शून्याहून भिन्न अशा संख्या साधारणतः सातच. बाकी सारी शून्ये. शून्य साठविण्यास स्मृती का खर्चावी, हा प्रश्न उघडच सुचतो. अडचण पुढेच येते. समीकरणे सोडविताना एकेका अज्ञाताचे निरसन करावे लागते, आणि निरसन होताच त्याचे सर्व शेजारी परस्परांशी बांधले जातात. ज्या गृहस्थाच्या मध्यस्थीने चार घरांचा व्यवहार चालत असे तो गाव सोडून गेला, की त्या चार घरांना एकमेकांशी थेट संबंध ठेवणे भाग पडते, तसेच हे. जेथे शून्य होते तेथे नवी संख्या उपजते, आणि तिला जागा द्यावी लागते. आजच्या अभियंत्याचे यंत्र थांबते ते याच ठिकाणी: मूळ समीकरणांमुळे नव्हे, या उपजलेल्या संख्यांमुळे.

किती संख्या उपजतील हे मात्र सर्वस्वी निरसनाच्या क्रमावर अवलंबून असते. दहा बिंदू रुंद आणि हजार बिंदू लांब अशी पट्टी घ्यावी. रुंदीच्या दिशेने क्रमांक देत गेल्यास शेजाऱ्यांच्या क्रमांकांतील अंतर अकराच्या पुढे जात नाही, आणि मॅट्रिक्सच्या कर्णालगतचा अरुंद पट्टा तेवढा साठवून सुमारे सव्वा लाख संख्यांत काम भागते. त्याच बिंदूंना लांबीच्या दिशेने क्रमांक दिले, की तेच अंतर हजारावर जाते आणि एक कोटी संख्यांची तरतूद करावी लागते. चुंबक तोच, जाळी तीच, अचूकताही तीच. क्रमांक देणाऱ्याच्या हातची चूक ऐंशीपटींहून अधिक महाग पडते.

म्हणून क्रमांक देण्याचे काम माणसाकडून काढून यंत्राकडे सोपविण्याचे प्रयत्न सुरू झाले. एलिझाबेथ कटहिल आणि जेम्स मॅकी यांनी १९६९ साली अशी रीत सांगितली, की एका टोकाच्या बिंदूपासून निघावे, त्याचे शेजारी, मग त्या शेजाऱ्यांचे शेजारी, असे थराथराने क्रमांक देत जावे. पुढे ॲलन जॉर्ज यांच्या ध्यानात आले, की हाच क्रम शेवटाकडून आरंभाकडे वाचला तर स्मृती पुष्कळदा आणखी वाचते. रीत तीच, केवळ उलट वाचावयाची. हे असे का व्हावे, याची सिद्धता १९७६ साली लिऊ आणि शर्मन यांनी दिली. तोवर अभियंते ती रीत निःशंकपणे वापरीत होतेच. व्यवहार पुढे आणि सिद्धता मागे, हा प्रकार या शास्त्रात वारंवार घडलेला दिसतो.

स्वान्सीच्या ब्रूस आयर्न्स यांनी १९७० साली निराळाच विचार केला. सर्व समीकरणे आधी जमवावीत आणि मग सोडवावीत, हेच त्यांना मान्य नव्हते. एकेक घटक हाती घ्यावा, त्याचा वाटा हिशेबात मिळवावा, आणि एखाद्या बिंदूला स्पर्श करणारा शेवटचा घटक येऊन गेला की त्या बिंदूचे तत्काळ निरसन करून त्याचे समीकरण चुंबकीय फितीवर वा तबकडीवर पाठवून द्यावे. मुख्य स्मृतीत कोणत्याही क्षणी राहते ती केवळ सोडविलेल्या आणि न सोडविलेल्या भागांमधील आघाडीची रेषा. शेत कापीत जाणाऱ्यांच्या रांगेसारखी ती जाळीतून पुढे सरकते. येथे महत्त्व बिंदूंच्या क्रमांकांस नसून घटक कोणत्या क्रमाने येतात यास आहे.

१९७३ साली जॉर्ज यांनी अधिक खोल जाणारी युक्ती सांगितली. जाळीच्या मधोमध बिंदूंची एक ओळ बांधासारखी बाजूला ठेवावी. दोन्हीकडच्या भागांचे पुन्हा तसेच विभाजन करावे. आणि सर्वांत लहान तुकड्यांपासून निरसन करीत शेवटी मधल्या बांधाकडे यावे. शंभर बिंदू लांब आणि शंभर रुंद अशा चौरसात कर्णालगतचा पट्टा दहा लाख संख्यांचा होतो. अशा चौरस जाळ्या जसजशा मोठ्या होतात तसतशी या विभाजनाने होणारी बचत वाढत जाते, आणि सपाट क्षेत्रांपुरता हा प्रश्न बहुतांशी आटोक्यात येतो.

परंतु यंत्रे सपाट नसतात. त्रिमितीत तोच बांध रेषेऐवजी भिंतीचे रूप घेतो. जाळी तिन्ही दिशांनी दुप्पट बारीक केली की अज्ञात आठपट होतात, आणि उत्तम विभाजन करूनही निरसनातील संख्या सोळापट होतात. ज्याचे यंत्र काल निम्मे भरले होते त्याचे यंत्र आज का ओसंडावे, याचे उत्तर या सोळांत आहे. विद्युत्चुंबकीय क्षेत्राने यात आणखी भर घातली. क्षेत्राची मूल्ये बिंदूंवर मांडल्यास खोटी, निसर्गात नसलेली उत्तरे उद्भवतात, असे आढळून आले. १९८० साली नेडेलेक यांनी अज्ञात राशी बिंदूंऐवजी कडांवर ठेवणारे घटक दिले. उत्तरे निर्मळ झाली. पण चतुष्फलकांच्या जाळीत बिंदूमागे सुमारे सात कडा असतात, म्हणजे तीन दिशांचे तीन अज्ञात होते तेथे सात आले. अचूकतेचे मोल स्मृतीनेच चुकवावे लागले.

दुसरा पक्ष निरसनच नको म्हणणारांचा. हेस्टेनीस आणि श्टीफेल यांनी १९५२ सालीच एक पद्धती सांगितली होती. तीत मॅट्रिक्सला हात न लावता केवळ त्याचे गुणाकार करीत, थोड्या राशी जवळ बाळगून, उत्तराकडे पावलापावलाने सरकता येते. ती पुष्कळ वर्षे मागे पडली होती. नवीन संख्या फार उपजू न देता अपुरेच निरसन करावे आणि त्याच्या आधारे ही पावले टाकावीत, असे मेयरिंक आणि व्हान देर व्होर्स्ट यांनी १९७७ साली दाखविले, आणि जुनी पद्धती नव्याने वापरात आली. तिचे दैन्य असे, की कडांवरील समीकरणांत क्षेत्राचे भ्रमण ज्यांना ओळखत नाही अशी असंख्य निरुपद्रवी रूपे दडलेली असतात, आणि त्यांच्यापुढे ही पावले अडखळतात. त्यावरचे उपाय पुढच्या दशकांत निघाले. तरी हाती स्मृती असेल तर अभियंता आजही निरसनाकडेच वळतो, कारण ते वेळ घेते पण वाटेत दगा देत नाही.

स्मृती नसेल तर तो काय करतो? आजच्या निरसन-आज्ञावल्यांपैकी काहींत उपजलेल्या संख्या तबकडीवर लिहून ठेवण्याची सोय असते, आणि तो ती उघडतो. आयर्न्स यांनी आपली सुटलेली समीकरणे जेथे पाठविली होती तेथेच त्याचीही जातात.