बालाघाटचे मराठी शिक्षक : एक सीमा, दोन पात्रता

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बालाघाट जिल्हा जागचा हलला नाही. हलली ती राजधानी. आदल्या दिवसापर्यंत नागपूरकडे पाहणारा हा जिल्हा दुसऱ्या दिवशी भोपाळकडे पाहू लागला. वैनगंगेच्या आणि बाघ नदीच्या काठच्या मराठी मास्तरांसाठी त्या एका दिवसाने जे बदलले, त्याचा हिशेब अद्याप पुरता मांडला गेलेला नाही. तो येथे मांडण्याचा आमचा प्रयत्न आहे.

बालाघाट जिल्हा १८६७ साली भंडारा, मंडला आणि सिवनी या जिल्ह्यांचे भाग जोडून निर्माण झाला आणि मध्य प्रांताच्या नागपूर विभागात राहिला. लांजी, वारासिवनी, कटंगी या भागांचे सोयरेसंबंध, बाजार आणि शिक्षण भंडारा-गोंदियाशी निगडित होते. गोंदियाहून बालाघाटमार्गे जबलपूरला जाणाऱ्या छोट्या रेल्वेने ते अधिक घट्ट केले. १९२३ साली नागपूर विद्यापीठ स्थापन झाल्यावर उच्च शिक्षणाचे जवळचे केंद्रही तेच ठरले. ‘नॉर्मल पास’ झालेल्या मास्तराला भंडाऱ्यातील शाळा काय आणि बालाघाटातील शाळा काय, दोन्ही एकाच प्रांतातल्या. बदली झाली तर गाव बदले. पात्रता बदलत नसे.

स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे हीच व्यवस्था टिकली. १९५० साली नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रदेशाने हिंदी आणि मराठी या दोन्ही भाषांना राजभाषेचे स्थान दिले. आजच्या वाचकाला हे नवल वाटेल. परंतु मराठी ही मध्य प्रदेशाची राजभाषा होती, ही इतिहासातील साधी नोंद आहे.

राज्य पुनर्रचना आयोगाने बुलढाणा, अकोला, अमरावती, यवतमाळ, वर्धा, नागपूर, भंडारा आणि चांदा हे आठ जिल्हे विदर्भ म्हणून वेगळे काढले. पुढे ते मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आले. बालाघाट या यादीत नव्हता. जिल्ह्यात हिंदी, गोंडी, पोवारी आणि मराठी एकत्र नांदत होत्या. ग्रियर्सन यांच्या सर्वेक्षणाने पोवारीला पूर्व हिंदीच्या खात्यात टाकले होते. पोवारीला मराठीची पोटभाषा ठरवण्याचा आमचा हट्ट नाही. ती बोलणाऱ्यांचा तिच्यावर पहिला हक्क. पण कोणती बोली कोणत्या खात्यात लिहिली गेली, यावर पुढे कोणत्या भाषेची शाळा टिकली, हे ठरत गेले. १९५७ च्या राजभाषा कायद्याने नव्या मध्य प्रदेशाची राजभाषा हिंदी झाली.

कायद्याने संरक्षण दिलेच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. राज्य पुनर्रचना कायद्याच्या ११५ व्या कलमाने सरकारी सेवकांच्या वाटणीची आणि सेवाशर्तींच्या संरक्षणाची तरतूद केली. मात्र प्राथमिक शाळांचा मोठा भार तेव्हा जनपद सभांवर होता, आणि हे कलम राज्याच्या सेवकांपुरते होते. सातव्या घटनादुरुस्तीने ३५०-अ हे कलम आणून प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करण्याचे उत्तरदायित्व राज्यांवर टाकले. शाळेत चाळीस किंवा वर्गात दहा विद्यार्थी असतील तर मातृभाषेचा शिक्षक द्यावा, हे सूत्र १९४९ पासूनच मान्य होते. पुढे १९५७ च्या सार्वजनिक सेवायोजन कायद्याने सरकारी नोकरीसाठीच्या राज्यांच्या निवासअटी, मोजके प्रदेश वगळता, रद्द केल्या. कागदावर वाट मोकळी होती. व्यवहारात मात्र वर्ग नाही म्हणून शिक्षक नाही, आणि शिक्षक नाही म्हणून वर्ग नाही, असे दुष्टचक्र फिरत राहिले.

आजच्या उमेदवारापुढील प्रश्न याच इतिहासातून आला आहे. २०१० साली शिक्षणहक्क कायदा अमलात आला आणि त्याच वर्षी राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने पात्रता परीक्षा सक्तीची केली. महाराष्ट्रात पुण्याची राज्य परीक्षा परिषद ‘टीईटी’ घेते. मध्य प्रदेशाची परीक्षा निराळी. त्यावर महाराष्ट्रात २०१७ पासून अभियोग्यता चाचणी आणि ‘पवित्र’ पोर्टल आले. वारासिवनीची मुलगी गोंदियाला सासरी आली की डी.एड. तिच्या हाती असते. पण पुन्हा परीक्षा, अधिवासाचा दाखला आणि शिक्षणाचे माध्यम कोणते, हा प्रश्न तिच्यासमोर उभा राहतो. घरी मराठी आणि शाळेत हिंदी, अशी ती वाढलेली असते. मराठी माध्यमाच्या जागेसाठी तिचे हिंदी माध्यम आड येते. त्यातच १९९० च्या मर्री चंद्रशेखर राव प्रकरणापासून स्थलांतरितांना मूळ राज्यातील जातीचे आरक्षण नव्या राज्यात मिळत नाही, हे तत्त्व रूढ आहे. ज्या भाषेसाठी तिला मूळ राज्यात शाळा मिळाली नाही, त्याच भाषेच्या पुराव्यासाठी तिला नव्या राज्यात थांबवले जाते.

महाराष्ट्र शासनाने कर्नाटकातील दावा सांगितलेल्या ८६५ गावांतील मराठी उमेदवारांना शासकीय सेवेत अर्ज करण्याची सवलत दिलेली आहे, आणि ती योग्यच आहे. बेळगाव-निपाणीच्या लढ्यामागे आम्ही सदैव उभे आहोत. परंतु बालाघाटवर महाराष्ट्राने दावा सांगितला नाही, म्हणून येथील मराठी माणूस कमी मराठी ठरत नाही. आम्ही नकाशा बदलायला सांगत नाही. आमचे म्हणणे तीन गोष्टींपुरते आहे : सीमाभागातील उमेदवारांना माध्यमाच्या अटीऐवजी मराठी भाषेची चाचणी देण्याची मुभा असावी, दोन्ही राज्यांनी परस्परांची पात्रता परीक्षा मान्य करावी, आणि मध्य प्रदेशाने चाळीस-दहाचे सूत्र बालाघाटात प्रामाणिकपणे राबवावे.

यांतील शेवटची मागणी आम्हांला सर्वांत मोलाची वाटते. शिक्षकाने राज्य ओलांडण्याची वेळ येते, ती गावात त्याच्या भाषेचा वर्ग नसतो म्हणून. नोकरीसाठी धडपडणाऱ्या तरुणांना आमचे सांगणे एवढेच : केंद्रीय पात्रता परीक्षेत मराठी ही भाषा निवडता येते, ती निवडा. आणि पालकांनी दहा मुलांच्या नावांसह मराठी वर्गाची लेखी मागणी शाळेकडे नोंदवावी. न मागितलेला वर्ग कोणत्याही कार्यालयाच्या नोंदीत चढत नाही.