काडु मल्लेश्वर ते तंजावर : एक वाङ्मयीन वाटचाल

‘तुम्ही इकडे केव्हा आलात?’ असा प्रश्न मल्लेश्वरमात आम्हा मराठी माणसांना वारंवार विचारला जातो आणि आम्ही नोकरीचे किंवा बदलीचे साल सांगून मोकळे होतो. या प्रश्नाचे जुने उत्तर काडु मल्लेश्वराच्या शिलालेखात आहे. शहाजीराजांचे चिरंजीव व्यंकोजीराजे यांनी 1669 साली मेदरनिंगनहळ्ळी हे गाव या देवस्थानास इनाम दिले, असे तो सांगतो. दाता मराठा, लेख मात्र कानडी!

हा वारसा शहाजीराजांचाच. 1638 साली बंगळूर आदिलशाही फौजांनी घेतले व पुढे ते त्यांच्या जहागिरीत आले. त्यांच्या आश्रयास आलेल्या जयराम पिंड्ये या कवीने ‘राधामाधवविलासचंपू’ रचला. संस्कृताच्या जोडीने अनेक देशभाषांतील कविता त्यात नांदतात. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी तो 1922 साली विस्तृत प्रस्तावनेसह प्रसिद्ध केला.

पुढे व्यंकोजीराजे तंजावरास गेले. तेथे त्यांचे पुत्र शाहजीराजे (कारकीर्द 1684 ते 1712) यांनी ‘पंचभाषाविलास’ या एकाच नाटकात पाच भाषांना स्थान दिले. दुसऱ्या सरफोजीराजांनी (1798 ते 1832) तर सरस्वती महालात युरोपीय भाषांतील हजारो ग्रंथ जमविले. केवळ संग्रहावर ते थांबले नाहीत. 1806 साली त्यांच्या छापखान्यातून सख्खण पंडिताने मराठीत आणलेल्या इसापाच्या गोष्टी ‘बालबोधमुक्तावली’ या नावाने बाहेर पडल्या. मुंबईत ‘पंचोपाख्यान’ छापले गेले ते 1822 साली, म्हणजे सोळा वर्षांनंतर! आपले पंचतंत्र सहाव्या शतकात पहलवीत व आठव्या शतकात अरबीत गेले होते. जणू त्याचीच परतभेट म्हणून ग्रीकांचा इसाप कावेरीकाठी मराठी बोलू लागला.

या इतिहासाला एक खिन्न बाजूही आहे. तंजावरच्या दप्तरातील असंख्य मराठी कागद मोडी लिपीत आहेत आणि ती वाचू शकणारे आज फार थोडे उरले आहेत. कागद टिकले, वाचणारे आटले.

म्हणूनच सुवर्णमहोत्सवाच्या या घडीला आम्ही अंतर्मुख होतो. आमची मुले रस्त्यावर कानडी, शाळेत इंग्रजी व घरी जमेल तितकी मराठी बोलतात. त्या दोन भाषांनी मराठीला घराबाहेर काढले, अशी तक्रार आम्हीही केली आहे. परंतु जयरामाची वा सरफोजीराजांची मराठी इतर भाषांच्या सहवासाने कोमेजली नाही. जगातले जे चांगले ते आपल्या भाषेत आणण्याची उमेद सरली, की भाषा थकते.

तेव्हा वाचकांना आमची एक विनंती आहे. यंदा प्रत्येक घरातील मुलाने आवडलेली एक कानडी वा इंग्रजी गोष्ट मराठीत लिहावी आणि मंडळात वाचून दाखवावी. चुका होतील, त्या आपण मिळून सुधारू. ऐकायला आम्ही पहिल्या रांगेत बसू.