खडकी वसण्यापूर्वींचा एक तारा

इ. स. १६१० मध्यें निजामशाहीचा वजीर मलिक अंबर यानें खडकी या खेड्याच्या जागीं नवें नगर वसविलें आणि पुढें नहर काढून तेथें पाणी खेळविलें. १६५३ मध्यें औरंगजेबाच्या सुभेदारींत त्या नगरास औरंगाबाद हें नांव मिळालें. २०२३ पासून तें छत्रपति संभाजीनगर म्हणून ओळखलें जातें. नगरें वसतात, त्यांचीं नांवें पालटतात, वेशी उभ्या राहतात व ढांसळतात, याचें कोणास नवल वाटत नाहीं. ताऱ्यांविषयीं मात्र माणसाची समजूत निराळी होती. ते अढळ व अक्षय मानले जात. युरोपांत या समजुतीस १५७२ सालीं टायको ब्राहे यानें पाहिलेल्या नव्या ताऱ्यानें तडा गेला, आणि दुसरा तडा गेला तो खडकी वसण्यापूर्वीं अवघीं सहा वर्षें.

१६०४ च्या ऑक्टोबरांत भुजंगधारी तारकासमूहांत, गुरु, शनि व मंगळ यांच्या नजीक, पूर्वीं कधींही न दिसलेला एक तारा प्रकट झाला. ऐन भरांत असतां तो आकाशांतील कोणत्याही ताऱ्याहून तेजस्वी होता. प्राग येथें योहानेस केप्लर यानें त्याचा बारकाईनें अभ्यास केला. चीन व कोरिया येथील ज्योतिषांनींही त्याची नोंद ठेविली. सुमारें एक वर्षभर फिका होत होत तो नाहींसा झाला. दक्खनचें आकाश निरभ्र असेल त्या सायंकाळीं देवगिरीच्या तटावरूनही तो नैर्ऋत्येस चांगला उंच दिसण्याजोगा होता. केप्लरनें १६०६ मध्यें त्याविषयीं ग्रंथ प्रसिद्ध केला. परंतु जें नवें म्हणून दिसलें, तें जन्म नसून मरण होतें, हें कळण्यास आणखी तीन शतकें जावीं लागलीं.

तारा म्हणजे तापलेल्या वायूचा प्रचंड गोळा. त्याचें स्वतःचें वजन त्यास सतत आंत दाबीत असतें, आणि गाभ्यांतील उष्णता तो दाब तोलून धरते. ही उष्णता हायड्रोजनचें हेलियम होतांना निर्माण होते. सूर्य गेलीं सुमारें ४६० कोटि वर्षें याच शिदोरीवर जगत आहे. शिदोरी संपली कीं तोल बिघडतो.

सूर्याच्या आठपटींहून जड ताऱ्याची मिळकत मोठी, पण उधळपट्टी त्याहूनही मोठी. त्याचें आयुष्य कांहीं कोटि वर्षांपलीकडे क्वचितच जातें. हायड्रोजन सरला कीं तो हेलियम जाळतो, मग कार्बन, ऑक्सिजन, सिलिकॉन. आणि शेवटीं गाभ्यांत लोखंड सांचतें. येथें गाडें अडतें, कारण लोखंडाच्या अणुगर्भांचा संयोग केल्यानें ऊर्जा मिळत नाहीं. वजन पेलेनासें झालें कीं गाभा एका सेकंदाहून कमी वेळांत आंत कोसळतो, त्याचा सुमारें वीस किलोमीटर व्यासाचा न्यूट्रॉन तारा बनतो, आणि बाहेरचे थर प्रचंड वेगानें उडून जातात. यासच अतिनवतारा म्हणतात.

दुसऱ्या प्रकारचें मरण श्वेतबटूचें. सूर्यासारखा तारा विझल्यावर जो दाट गोळा उरतो, तो श्वेतबटु. त्याच्या वजनास मर्यादा आहे, ही गोष्ट १९३० मध्यें मुंबईहून विलायतेस निघालेल्या बोटीवर सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर या एकोणीस वर्षांच्या तरुणानें गणितानें काढली. ही मर्यादा सूर्याच्या सुमारें १.४ पट आहे. जोडीदार ताऱ्याचें द्रव्य ओढून घेत श्वेतबटु या सीमेजवळ पोंचला कीं तो समूळ स्फोट पावतो. केप्लरचा तारा याच जातीचा होता.

पहिल्या जातीचें उदाहरण १०५४ सालचें. त्या वर्षीं चिनी ज्योतिषांस एक ‘पाहुणा तारा’ तेवीस दिवस भर दिवसाही दिसला. त्या जागीं आज खेंकडा अभ्रिका पसरत आहे, आणि तिच्या मध्यभागीं न्यूट्रॉन तारा सेकंदास सुमारें तीस वेळां फिरत आहे. पुणें जिल्ह्यांत नारायणगांवाजवळ खोडद येथें ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची जी रेडिओ दुर्बीण आहे, ती अशाच ताऱ्यांचे स्पंद व स्फोटांचे अवशेष टिपते.

या मरणाशीं माणसाचा संबंध दूरचा नाहीं. आठव्या शतकांत वेरुळचें कैलास लेणें ज्या छिन्न्यांनीं कोरलें, त्यांतील लोखंड, आणि त्या चालविणाऱ्या हातांच्या रक्तांतील लोखंडही, पृथ्वी जन्मण्यापूर्वीं फुटलेल्या ताऱ्यांचें देणें होय.

खडकी वसल्यापासून आपल्या आकाशगंगेंतील एकही अतिनवतारा नुसत्या डोळ्यांनीं निःसंशय पाहिल्याची नोंद नाहीं. १९८७ सालचा होता शेजारच्या दीर्घिकेंतला, आणि इतक्या दक्षिणेकडे कीं मराठवाड्याच्या क्षितिजावर तो जेमतेम एक अंश चढे. आर्द्रा नक्षत्रांतील तांबूस तारा मात्र म्हातारा झाला आहे. ज्योतिषांच्या हिशेबीं ‘लवकरच’, म्हणजे कदाचित् लाख वर्षांत, तो फुटेल. पृथ्वीस त्यापासून भय नाहीं. तोंवर नगराचीं नांवें किती बदलतील तें कोणी सांगावें. पण ती ज्योत या पठारावरून दिसेल, एवढें मात्र खरें.