शिवजन्मतिथी: शोधनिबंधात पुरावा कसा मांडावा?

शिवाजी महाराजांचा जन्म शके १५४९, वैशाख शुद्ध द्वितीयेचा, असे बखरींवरून दीर्घकाळ मानले जाई. १९१६ साली लोकमान्य टिळकांनी कारीच्या जेधे देशमुखांकडील शकावली प्रसिद्ध केली. तीत तिथी होती शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया. ज्युलियन गणनेने १९ फेब्रुवारी १६३०. टिळकांनी मूळ नोंदीच छापल्यामुळे कोणाही अभ्यासकाला त्या स्वतः पडताळता आल्या. शोधनिबंधाचे बळ इथेच असते: लेखकाच्या नावावर विसंबावे लागत नाही, मग ते नाव टिळकांचे का असेना. पुढे १९२७ मध्ये कवींद्र परमानंदांचे 'शिवभारत' छापले गेले. या स्वतंत्र साधनातही हीच तिथी निघाली. वाद मात्र शमला नाही. महाराष्ट्र शासनाने ही तारीख स्वीकारली, ती २००१ साली.