पाचवा प्रळय

एच. पी. लव्हक्राफ्टची 'द कॉल ऑफ कथुलू' ही कथा १९२८ साली 'विअर्ड टेल्स' या अमेरिकी मासिकात प्रसिद्ध झाली. तिच्यातील भय भुताखेतांचे नाही. सुटीसुटी माहिती एकत्र जुळली तर या विश्वातील आपले नगण्य स्थान माणसाला कळेल आणि ते ज्ञान त्याला पेलवणार नाही, हे तिचे सूत्र. मग वाचक अशा कथांकडे ओढला का जातो? याचे उत्तर शोधताना आम्हाला सज्जनगड आठवतो.

'दासबोधा'च्या तेराव्या दशकातील प्रळयाचे वर्णन पाहावे. शंभर वर्षे अवर्षण, बारा कळांनी तापणारा सूर्य, जळणारी पृथ्वी, पोळून विष ओकणारा शेष. मग हत्तीच्या सोंडेएवढ्या जलधारा. येथे माणूस कोठेच नाही. दहाव्या दशकात रामदास प्रळयाचे पाच प्रकार सांगतात: पिंडाचे दोन, निद्रा आणि मृत्यू, ब्रह्मांडाचे दोन, ब्रह्मदेवाची निद्रा आणि त्याचा मृत्यू, आणि पाचवा विवेकाचा. सारे दृश्य नाहीसे होते हे जाणणे लव्हक्राफ्टच्या नायकाला वेड लावते, रामदासांच्या साधकाला तेच मुक्त करते. ज्ञान एकच, फळे दोन. आमच्या मते या साहित्याचे आकर्षण या दुभंगातच आहे: 'मी' पुसला जाण्याचे भय आणि त्यातूनच मिळणारी सुटका.

याच रामदासांनी लोकांना भयापासून आधारही दिला. परंपरेने त्यांच्या मानल्या जाणाऱ्या अकरा मारुतींपैकी चाफळ, मसूर, उंब्रज, शहापूर यांसह सात सातारा जिल्ह्यात आहेत. कृष्णेच्या बेटावरील बहे आणि शिराळा हे दोन सांगलीत, उरलेले दोन कोल्हापुरात. मारुती वेशीवरचे भय अडवतो. प्रळयाच्या वर्णनात मात्र तो धावून येत नाही; तेथे केवळ विवेक उरतो.

नारायण धारप (१९२५–२००८) यांनी अमानवी, अफाट शक्ती मराठी वाचकाच्या घरात आणल्या आणि त्यांच्यासमोर 'समर्थ' नावाचा तारणहार उभा केला. हे नाव मराठी मनात कोणते पडसाद उमटवते, हे वेगळे सांगायला नको. वाचकाला धीर मिळाला, पण भय वेशीवरच थांबले. समर्थकथांनी रामदासांचा मारुती घेतला. त्यांचा प्रळय घेतला नाही. मराठी भयकथेला पुढे जायचे असेल, तर तिला ग्रंथालयात परदेशी कपाटाइतकेच 'दासबोधा'चे कपाटही उघडावे लागेल.